कासववाल्या बेनेबाची बढाई

पोर्ट रॉयलच्या धक्क्यावर बेनेबा येऊन उभी राहिली की बाकीच्या विकणाऱ्या बायका आपापल्या टोपल्या उचलून लांब सरकायच्या. भांडण वगैरे काही नव्हतं. पण तिच्या शेजारी बसून कुणाचा माल खपलाय, असं गावात कधी झालंच नव्हतं. तिच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला की समोरच्या खलाशाला वाटायचं, या बाईकडचं कासव सोडून आपण जन्मभर जे खाल्लं तो सगळा भुसा होता.

साधं कासव तिच्याकडे नसायचंच. एखादं केमन बेटांच्या वाळूतलं थेट राजघराण्यातलं असायचं, एखाद्याची चरबी इतकी हिरवीगार असायची की तिचा रस्सा प्यायलेला म्हातारा म्हणे दुसऱ्या दिवशी नवी बायको शोधायला निघाला होता. ऐकणारे हसायचे आणि हसता हसता कासव घेऊन जायचे. एक गोष्ट मात्र खरी होती. मरतुकडं कासव बेनेबानं कधी कुणाच्या गळ्यात मारलं नाही, आणि त्याचं श्रेय तिच्या नवऱ्याला होतं.

नवऱ्याचं नाव मिंगो. चर्चमध्ये जाऊन त्यांचं लग्न लागलेलं नव्हतं. आमच्यात ते फारसं कुणाचं लागायचंही नाही. एका छपराखाली चूल मांडली, की झाले नवराबायको. बेनेबाची आई स्वतंत्र होती म्हणून बेनेबा जन्मापासून स्वतंत्र. मिंगो मात्र तिशी उलटेपर्यंत केमनच्या एका गोऱ्याच्या मालकीचा होता. गोरा मरताना त्याला मोकळं करून गेला, तेव्हा मिंगो इथं आला आणि बेनेबाच्या कासवांच्या गोठ्यात कामाला लागला. गोठा म्हणजे उथळ समुद्रात खुंट ठोकून केलेलं कुंपण. त्यात कमरेइतक्या पाण्यात उभा राहून तो दिवसभर कासवांचं काहीतरी करत असायचा. बेनेबापेक्षा तो दीड हात उंच होता आणि दिवसाला जेमतेम दहा वाक्यं बोलायचा. त्यातली सहा कासवांशी.

"माझ्या वाटणीला चारच येतात गं," बेनेबा कौतुकानं सांगायची, "आणि त्यातलं एक 'जेवण झालं का' हे असतं."

आता इंग्रजांचं आरमार आमच्या गावात येऊन कशाला बसलं होतं, तर साखरेसाठी. बंदराच्या पलीकडे किंग्स्टनला साखरेचे व्यापारी. फ्रेंच आणि बंडखोर अमेरिकन लुटारू गलबतं घेऊन फिरायचे, साखरेनं भरलेली जहाजं पळवायचे, आणि व्यापारी इतका आरडाओरडा करायचे की तो पार लंडनला ऐकू जायचा. मग राजानं लढाऊ जहाजं पाठवली. ती आली आणि बसली. व्यापाऱ्यांचं म्हणणं, ही नुसती नांगर टाकून खातात. कप्तानांचं म्हणणं, आमची निम्मी माणसं तापानं वाळूत पुरली गेली, लढायचं कुणी? दोघांचं एकमेकांशी पटायचं नाही. आमचं मात्र दोघांशीही छान पटायचं. साखर कुणाची का असेना आणि लढाई कुणाची का असेना, मळके शर्ट आमच्याच दारात यायचे. कपडे आम्ही धुवायचो, संत्री, भाकरी, रम आम्ही पुरवायचो, आणि कासवं बेनेबा. चालायच्या आधीपासून ती आईच्या होडीत बसून जहाजांभोवती फिरलेली. आरमाराची तिला भीती म्हणून नव्हती. गिऱ्हाइकाला कोण भितं?

ही गोष्ट सतराशे एकोणऐंशीच्या जुलैमधली. साखरेच्या जहाजांचा वर्षातला शेवटचा मोठा तांडा निघायचा होता. ऑगस्ट लागला की वादळांचे दिवस, आणि विमेवाले दुप्पट मागतात. त्यामुळे व्यापाऱ्यांना घाई, त्यांच्या कप्तानांना घाई. बंदरात इतकी जहाजं दाटली होती की डोलकाठ्यांपलीकडे किंग्स्टन दिसत नव्हतं. या सगळ्या तांड्याला सांभाळून विलायतेला नेण्याचं काम 'डोरिंडा' नावाच्या लढाऊ जहाजाकडे आलं होतं. तिचा कॅप्टन थर्लबी. माणूस तसा वाईट नव्हता, पण इथल्या उकाड्याला आणि तापाला विटला होता. लंडनला पोचल्यावर परत इकडे धाडू नये म्हणून आरमाराच्या बड्या लोकांना खूश करायचं त्यानं ठरवलं होतं, आणि बड्या लोकांना खूश करायला जिवंत कासवासारखं दुसरं काही नाही. सगळेच कप्तान नेतात. कुठलं कुणाला द्यायचं ते कळावं म्हणून कासवाच्या पोटावर त्या त्या साहेबाच्या नावाची अक्षरं कोरतात. वाटेत एखादं मेलं, तर ते कायम नावडत्या साहेबाचं निघतं.

थर्लबीनं बेनेबाला जहाजावर बोलावून घेतलं.

"सहा हवीत," तो म्हणाला. "आणि सहाच्या सहा लंडनला जिवंत पोचली पाहिजेत. माझ्या ओळखीच्या एकानं मागं चार नेली होती. बर्म्युडा यायच्या आधी चारही मेली."

"कुठनं घेतली होती साहेब त्यांनी?"

"किंग्स्टनहून."

"मग ती मेली नाहीत साहेब. विकली तेव्हाच मेलेली होती. कुणी सांगितलं नसेल त्यांना."

शेजारी उभा असलेला कॅप्टनचा खानसामा टिमन्स फिसकन हसला. बेनेबाला तेवढं पुरलं. हसू ऐकलं की तिला अंगात आल्यासारखं व्हायचं.

"माझ्या मिंगोचा हात फिरलेलं कासव मरायचं विसरून जातं," ती म्हणाली. "आई लेकराचं काय करील असं तो करतो. रात्री उठून उठून त्यांच्या डोळ्यांना खारं पाणी लावतो. मानेखाली उशी देतो. जहाज असो, जमीन असो, मिंगो नुसता जवळ असला ना, तरी कासव सहा महिने उताणं पडून राहील आणि वर लठ्ठ होईल!"

"मिंगो जवळ असला की?" थर्लबीनं विचारलं.

"हो तर! त्याचा पायरव ओळखतात ती. दुसऱ्या कुणी पाणी घातलं तर तोंड फिरवतात."

"सहा महिने?"

"आठ म्हणा साहेब."

थर्लबीनं टिमन्सकडे पाहिलं. टिमन्सनं होकाराची मान हलवली. दुसरी कुठलीही बाई असती तर तिच्या मनात तिथंच पाल चुकचुकली असती. पण बेनेबा तेव्हा विकत होती, आणि विकताना तिला विक्रीखेरीज काही दिसत नसे. सहाही कासवं एका दमात खपली म्हणून ती नाचत घरी आली. मिरची घालून झणझणीत रस्सा केला, कसावा कंदाच्या भाकऱ्या थापल्या, आणि मिंगोला सगळं साभिनय ऐकवलं. मिंगो भाकरी मोडत म्हणाला, "सहा महिने कुठं जगतं कासव उताणं?"

"तुझ्या हाताखाली जगतं!"

मिंगोनं आणखी एक भाकरी घेतली, म्हणजे तो खूश झाला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी डोरिंडाची मोठी बोट गोठ्याला आली. मिंगोनं सहा कासवं दोरानं उचलून बोटीत उताणी मांडली आणि ती नीट चढवायला स्वतःही बरोबर गेला. दुपारी बोट परत आली ती पाण्याची पिंपं न्यायला. मिंगो तिच्यात नव्हता.

"माझा नवरा कुठाय?" बेनेबानं बोटीच्या तांडेलाला विचारलं.

"ठेवून घेतलाय," तांडेल पिंप लोटत म्हणाला. "कॅप्टनसाहेबांचा हुकूम. कासवांबरोबर जायचा लंडनला."

"म्हणजे काय, ठेवून घेतलाय? विकली ती कासवं! नवरा नाही विकला मी!"

"आता बाई, तूच म्हणालीस ना, त्याच्याशिवाय ती जगत नाहीत? सगळ्या जहाजानं ऐकलंय. दुसऱ्या कुणी पाणी घातलं तर तोंड फिरवतात म्हणे."

आयुष्यात पहिल्यांदा बेनेबाला आपलंच बोलणं दुसऱ्याच्या तोंडून जसंच्या तसं ऐकू आलं, आणि ते तिला अजिबात आवडलं नाही.

ती तडक गोदीच्या कचेरीत गेली. तिथला कारकून म्हणाला, अशी माणसं धरायची नसतात हे खरं, पण कॅप्टनच्या वहीत तो राजीखुशीनं आलाय असं लिहिलं असेल, तर आम्ही काय करणार? किंग्स्टनचा एक व्यापारी धक्क्यावर आपली साखर मोजत उभा होता, ती त्याच्याकडे गेली. तो म्हणाला, "परवा पहाटे निघणार आहेत ना नक्की?" एवढीच त्याला काळजी. मग ती मिम्बामावशीच्या परसात जाऊन मटकन खाली बसली.

मिम्बामावशी म्हणजे गावातली सगळ्यांत जुनी धोबीण. डोरिंडाच्या कॅप्टनचे शर्ट तिच्याकडेच असायचे. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि हातातला शर्ट दगडावर आपटला.

"बरं झालं," ती म्हणाली. "मी तुला लहानपणापासून सांगतेय, ते तोंड जरा आवर. आज तोंडानं नवरा खाल्ला."

"मावशी, टोमणे नंतर मारा."

"नंतर कधी? परवा तो गेलेला असेल." मग मात्र तिचा आवाज उतरला. "नुसता लंडनला जाऊन आला असता तर मी म्हटलं असतं, जाऊ दे, थंडी खाऊन येईल. पण वाटेत फ्रेंचांनी गाठलं तर? त्या टिमन्सला कोठडीत टाकतील आणि कैद्यांच्या अदलाबदलीत सोडून देतील. आपला मिंगो काळा. त्याला नेऊन मार्टिनिक बेटावर गुलामांच्या बाजारात उभा करतील. तो मोकळा माणूस आहे हे सांगायला तिथं कोण आहे?"

हे बेनेबाच्या मनात आलंच होतं, पण दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर ती रडली. गोठ्यात पहिल्या दिवशी मिंगोला तिनं विचारलं होतं, काय काय येतं तुला? तेव्हा तो म्हणाला होता, मला आता माझ्याशिवाय कुणी कुठं पाठवू शकत नाही. तिला त्या वेळी ते काहीतरीच उत्तर वाटलं होतं.

"मी चढवलं तसं मीच उतरवीन," शेवटी डोळे पुसून ती म्हणाली. "चांगला म्हणून सांगितलं म्हणून ठेवला ना? मग वाईट म्हणून सांगते. उद्या तुम्ही शर्ट द्यायला जाणार, मी वल्ही मारायला येते."

"तू? आपल्या मालाला नावं ठेवणार?" मिम्बामावशी म्हणाली. "हे मला बघायलाच हवं."

दुसऱ्या दिवशी दोघी डोरिंडावर चढल्या तेव्हा जहाजावर एकच धांदल चालली होती. शिडं बांधत होते, कोंबड्यांची खुराडी चढवत होते, आजूबाजूच्या साखरेच्या जहाजांचे कप्तान होड्यांतून ये-जा करत होते आणि कुणी कुणाच्या मागं राहायचं यावरून आधीच भांडत होते. मागच्या डेकवर कापडाच्या सावलीत सहा कासवं ओळीनं उताणी पडली होती. प्रत्येकाच्या मानेखाली शिडाच्या कापडाची घडी, पोटावर ओलं फडकं. मिंगो एकेकाच्या डोळ्यांना पाणी लावत गुडघ्यांवर बसला होता. बेनेबाला पाहून तो हसला. तो क्वचित हसायचा, त्यामुळे तिला जास्तच भरून आलं. पण भरून यायला वेळ नव्हता, समोरून थर्लबी येत होता.

"साहेब," ती मोठ्यानं म्हणाली, "मी खोटं बोलले."

आसपासचे चारपाच खलाशी हातातलं काम सोडून बघायला लागले. हे वाक्य या बाईच्या तोंडून कुणी ऐकलेलं नव्हतं.

"हा माणूस निकामी आहे साहेब. ह्याच्या हाताखाली कासव टिकतच नाही. आज धरलं की परवा मेलं. मी उजाडायच्या आत गुपचूप समुद्रात लोटून देते, म्हणून गावाला कळत नाही."

"परवा तर आठ महिने म्हणत होतीस."

"परवा विकायचं होतं साहेब."

"आणि आज नवरा परत हवाय."

"असला नवरा कुणाला हवाय!" बेनेबा फणकारली. "ठेवा बापडा. तुमचं नुकसान होऊ नये, एवढ्यासाठी ऊन खात आले. पुढं म्हणू नका, बेनेबानं सांगितलं नाही."

थर्लबीच्या कपाळाला खरोखर एक आठी पडली होती. आणखी थोडं रेटलं असतं तर जमलंही असतं. पण मिंगो उठून उभा राहिला.

"कुठलं मेलं?" त्यानं विचारलं.

"तू गप्प बस."

"नाही, सांग ना. माझ्या हातनं कुठलं कासव मेलं?"

बेनेबानं त्याच्याकडे बघून डोळा घातला. पुन्हा घातला. मग दोन्ही डोळ्यांनी काय काय केलं.

"डोळ्यात काय गेलं तुझ्या?" मिंगो म्हणाला. "इकडे ये, पाणी लावतो." आणि कॅप्टनकडे वळून अगदी शांतपणे म्हणाला, "साहेब, माझ्या हातनं एकही मेलेलं नाही. मागच्या पावसात एक आजारी होतं, तेसुद्धा उठवलं."

थर्लबी इतका हसला की त्याला कठड्याला धरावं लागलं. टिमन्स हसला, खलाशी हसले, आणि शर्टांची टोपली घेऊन उभी असलेली मिम्बामावशीही टोपलीआड तोंड लपवून हसली. "टिमन्स," कॅप्टन डोळे पुसत म्हणाला, "हा माणूस लाख मोलाचा आहे. याला माझ्या खोलीजवळ झोपायला जागा दे." आणि तो जायला वळला.

बेनेबा नवऱ्याला वाचवायला आली होती आणि तिनं त्याला आणखी पक्का बांधून ठेवला होता. काय बोलावं ते सुचेना, आणि तिला सुचेना असं कधी होत नसे. जे पहिलं तोंडात आलं ते ती बोलून गेली.

"न्या साहेब! पण 'सूझन'चं काय झालं ते तुमच्या माणसांना आधी सांगा!"

'सूझन' ही केमनची कासवं धरणारी शिडाची होडी. मिंगो पूर्वी तिच्यावर होता. पेड्रोच्या खडकांवर आपटून ती फुटली, सगळे गेले, एकटा मिंगो वाचला. ही गोष्ट बेनेबा धक्क्यावर मोठ्या गिऱ्हाइकांना सांगायची. तिच्या सांगण्यात मिंगो लाटांशी झुंजायचा, आणि शेवटी एक भलंमोठं कासव उपकार आठवून त्याला पाठीवर बसवून किनाऱ्याला आणायचं. आरमारातल्या अर्ध्या खलाशांनी ती ऐकली होती, हसून टाळ्या दिल्या होत्या. आता बेनेबानं तीच गोष्ट सांगितली. कासव तेवढं वगळलं.

"सूझनवर किती माणसं होती? सगळी बुडाली. कोण उरलं? हा! धडधाकट माणसं तळाला गेली आणि ह्याला खरचटलंसुद्धा नाही. कसं काय हो? विचारा ना ह्याला. केमनमध्ये कुणी ह्याला परत जहाजावर घेतला नाही, म्हणून तर तो माझ्या गोठ्यात कमरेइतक्या पाण्यात उभा असतो. आता उद्या तुमच्यामागं ही एवढी साखर निघणार, आणि सगळ्यांत पुढच्या जहाजावर कोण, तर हा! व्यापाऱ्यांना सांगितलंत का?"

डेकवरचं हसू विरलं. समुद्रावर आयुष्य घालवलेली माणसं तोफेला भीत नाहीत, तापालाही फारशी भीत नाहीत, पण ज्याच्या पायगुणानं जहाज बुडतं अशा माणसाला फार भितात. एका म्हाताऱ्या खलाशानं कठड्याबाहेर थुंकून घेतलं. टिमन्स नकळत मिंगोपासून एक पाऊल मागं सरला. जहाजाचा सारंग, म्हणजे सगळ्या खलाशांवरचा मुकादम, पुढं येऊन कॅप्टनच्या कानाशी लागला. "साहेब, माणसं आधीच निम्मी उरलीत. ह्याच्या शेजारी कुणी झोपायचं नाही."

थर्लबीनं मिंगोकडे पाहिलं. "खरं आहे हे? सगळे गेले, आणि तू एकटा राहिलास?"

बेनेबानं डोळे मिटून घेतले. आता हा विचारणार, कुठली सूझन? नाहीतर म्हणणार, साहेब, त्या दिवशी कासवं मात्र सगळी जिवंत होती. मनातल्या मनात ती त्याला सांगत होती, अरे माझ्या ठोंब्या, एकदा तरी माझ्या बोलण्याला हो म्हण.

मिंगो हातातलं फडकं पिळत उभा होता.

"हो साहेब," तो म्हणाला.

"कशानं बुडाली?"

"मी होतो म्हणून. मी नसतो तर नसती बुडाली." थोडं थांबून तो म्हणाला, "मला जहाजावर घेऊ नये साहेब. त्यानंतर मी कुठल्याच जहाजावर कामाला राहिलो नाही. काल पण मी इथं सांगणार होतो, पण कुणी विचारलं नाही."

तो हे अगदी साध्या आवाजात बोलला. बेनेबाला मात्र आनंदानं ओरडावंसं वाटलं. अखेर कळलं बाबाला! आणि काय बेमालूम बोलला! इतकी वर्षं हा माणूस माझ्याबरोबर धक्क्यावर उभा राहिला असता तर आम्ही आतापर्यंत किंग्स्टनला माडी बांधली असती.

थर्लबीनं एकदा कासवांकडे पाहिलं, एकदा आपल्या माणसांकडे, आणि एकदा बंदरात दाटलेल्या साखरेच्या जहाजांकडे. मग हात झटकला. "उतरवा याला. आत्ताच्या आत्ता. आणि कासवं? तीही याच्याच हातची ना? तीसुद्धा अपशकुनी?"

"माझी कासवं?" बेनेबाचा संताप खरा होता. "साहेब, असली कासवं तुम्हाला सगळ्या समुद्रात—"

"चल गं," म्हणत मिम्बामावशीनं तिला दंडाला धरून शिडीकडे ओढलं.

मिंगो लगेच उतरला नाही. त्यानं टिमन्सला खाली बसवलं आणि मानेखाली घडी कशी द्यायची, डोळ्यांना पाणी कसं लावायचं, ते एकेका कासवापाशी नेऊन दाखवलं. टिमन्स त्याचा स्पर्श चुकवत शिकत होता. ते मिंगोच्या लक्षात आलं असावं. त्यानं फडकं टिमन्सच्या हातात न देता कासवाच्या पोटावर ठेवलं आणि शिडी उतरला.

परतताना बेनेबा आणि मिंगो एकेक वल्हं घेऊन शेजारी बसले. मिम्बामावशी रिकाम्या टोपलीला टेकून समोर. समुद्राकडून छान वारा सुटला होता. बेनेबाला हसू आवरत नव्हतं.

"त्या सारंगाचं तोंड पाहिलंत का मावशी? आणि तो टिमन्स! आणि तू रे? मला वाटलं, झालं, हा आता सगळ्यावर पाणी ओतणार. तर केवढा साळसूद! 'मी होतो म्हणून बुडाली.' हे मलासुद्धा नसतं सुचलं. इतकं सफाईनं खोटं बोलायला कधी शिकलास?"

"मी खोटं नाही बोललो," मिंगो म्हणाला.

बेनेबा हसतच होती. मग थांबली.

"पहाटेचा पहारा माझा होता," मिंगो म्हणाला. वल्हं तो नेहमीच्या लयीत मारत होता. "पुढं बसून खडक बघायचे. पण खाली कासवं तडफडायला लागली होती. मला ऐकू येत होतं. म्हटलं, पाणी घालून लगेच येतो. घालत होतो, तेवढ्यात आपटली."

"अरे, तुझ्यामुळं नाही रे गेली ती माणसं," बेनेबा म्हणाली.

"तुला काय माहीत? तू कुठं होतीस?"

हे त्यानं रागानं विचारलं नव्हतं. धक्क्यावर ती गोष्ट बेनेबानं कितीदा सांगितली असेल याची मोजदाद नाही. मिंगो तिथंच मागं, कासवं धरून उभा असायचा. लोक टाळ्या द्यायचे तेव्हा तो खाली बघायचा, आणि ती म्हणायची, बघा, कसा लाजतोय! तिला आता इतकी लाज वाटली की ती वल्हं मारायची थांबली. इतक्या वर्षांत तिनं त्याला एकदाही विचारलं नव्हतं, तेव्हा काय झालं होतं रे? कुणाकडून तरी ऐकलं, त्यात कासव घातलं, आणि विकायला काढलं.

बोट हेलकावत एका बाजूला वळायला लागली. मिम्बामावशीनं काही न बोलता पुढं सरकून बेनेबाचं वल्हं हातात घेतलं.

"सांग," बेनेबा म्हणाली. "मी मध्ये बोलणार नाही."

मिंगोनं तिच्याकडे पाहिलं. ती खरंच गप्प बसली आहे याची खात्री करून घ्यायला त्याला जरा वेळ लागला.

"सुकाणूवर माझा भाऊ होता," तो म्हणाला. "क्वाओ. धाकटा. मी हाक मारीन, मग तो वळवणार, असं आमचं ठरलेलं होतं."